फेज वन ट्रायलला जाताय? आधी फाइल लावा, मग ट्रेनचं तिकीट काढा

गोव्यात फोंड्याला परत आल्यापासनं महिन्याला एखादा तरी फोन येतोच. "बाय, तू मुंबईत त्या कॅन्सरच्या ट्रायलीत कामाला होतीस न्हय?" हो, होते. सात वर्षं सीआरसी होते, म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे ट्रायलीत, नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, डॉक्टर आणि पेशंट आणि कागद या तिघांच्या मध्ये धावणारी बाई. मग पुढचं वाक्य ठरलेलं. आमच्या भाऊंना डॉक्टर म्हणाले नेहमीची औषधं करून झाली, आता कुठे ट्रायल मिळते का बघा, तर जावं काय?

जावं की नाही ते मी कोणालाच सांगत नाही, ते तुमचं घर आणि तुमचे डॉक्टर ठरवतील. पण जायचं ठरलं तर कसं जायचं, काय विचारायचं, कुठे लोक फसतात, ते फोनवर परत परत सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतेय. हे सगळं गाठीच्या कॅन्सरबद्दल आहे, म्हणजे फुप्फुस, स्तन, आतडं, तोंड वगैरे, आणि तोही पसरलेला. रक्ताच्या कॅन्सरचं गणित थोडं वेगळं असतं.

आधी फेज वन म्हणजे काय ते नीट

इथेच नव्वद टक्के गोंधळ होतो म्हणून इथे जरा वेळ काढा. फेज वनमध्ये कंपनीला आणि डॉक्टरला पडलेला प्रश्न असतो की हे औषध माणसाला किती डोसपर्यंत सोसवतं. तुमचा प्रश्न असतो, मी बरा होईन का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेले असतात, आणि मी बघितलंय, कन्सेंटवर, म्हणजे संमतीच्या कागदावर, सही करताना शंभरातल्या कित्येकांच्या डोक्यात फक्त दुसराच असतो. डॉक्टर "नवीन औषध" म्हणतात आणि घरचे "चांगलं औषध" ऐकतात.

काम चालतं असं. जुनी आणि अजूनही खूप ठिकाणी चालणारी पद्धत म्हणजे थ्री प्लस थ्री. पहिल्या तीन पेशंटना सगळ्यात खालचा डोस देतात, पहिलं सायकल, साधारण २१ किंवा २८ दिवस, डोळ्यात तेल घालून बघतात. तिघांपैकी कोणालाच ठरवून दिलेला मोठा त्रास झाला नाही तर पुढचे तीन पेशंट वरच्या पायरीवर. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तिघे घेतात, आणि सहात मिळून तो एकच राहिला तर वर चढतात. दोघांना झाला की थांबायचं, खालच्या पायरीवर यायचं. आता काही ट्रायल्समध्ये पायरी कुठली ते स्टॅटिस्टिक्सवाले मॉडेल लावून ठरवतात पण जिना तोच. जिना संपला की मग त्या ठरलेल्या डोसवर जास्त पेशंट घेतात, त्याला एक्सपान्शन म्हणतात, आणि तिथे मग विशिष्ट कॅन्सर किंवा विशिष्ट जनुकातला बदल असलेलेच पेशंट घेतले जातात.

याचा तुमच्याशी संबंध काय, तर तुम्ही कितव्या पायरीवर आत जाताय ते फक्त तुम्ही कधी पोचलात यावर आहे. खालच्या पायरीवर त्रास कमी पण औषधाचा उपयोग होण्याइतका डोस असेलच असं नाही, वरच्या पायरीवर उलट. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, डॉक्टर, मी कुठल्या कोहॉर्टला, म्हणजे कुठल्या पायरीच्या गटात, आणि आधीच्या कोहॉर्टमध्ये लोकांना काय काय झालं? हा प्रश्न विचारल्यावर चिडणारा डॉक्टर मला सात वर्षांत एकच भेटला.

आकडे हवेत ना? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने चालवलेल्या गाठीच्या कॅन्सरच्या फेज वन ट्रायल्सचा हिशोब २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, २००० ते २०१९ मधल्या ४६५ ट्रायल्स आणि १३,८४७ पेशंट. सुरवातीच्या वर्षांत शंभरातल्या साधारण साडेनऊ जणांची गाठ मोजण्याइतकी लहान झाली, शेवटच्या वर्षांत १८ जणांची. औषधामुळे मृत्यू ०.७ टक्के. गाठ लहान होणं म्हणजे बरं होणं नव्हे, आणि हे सरासरीचे आकडे आहेत, तुमच्या औषधाचा आकडा कोणालाच माहीत नसतो, म्हणून तर ट्रायल आहे.

दुसरी बाजूही सांगते नाहीतर म्हणाल बाई घाबरवते. पेम्ब्रोलिझुमॅब हे आज सगळीकडे वापरात असलेलं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध, त्याची पहिली ट्रायल २०११ ला फेज वन म्हणूनच सुरू झाली, पेशंटना इतका फरक दिसायला लागला की ती वाढत वाढत बाराशेच्या वर पेशंटपर्यंत गेली, आणि २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी, मंजुरीसुद्धा मिळाली. किंवा सोटोरासिब घ्या. केआरएएस नावाच्या जनुकावर कित्येक दशकं कोणाचं औषध चालत नव्हतं, हे फेज वनमध्ये चाललं आणि २०२१ ला मंजूर झालं. पण त्यातही गंमत बघा, मंजूर झाला तो डोस रोज ९६० मिलिग्रॅम, म्हणजे १२० च्या आठ गोळ्या, आणि मग औषधं मंजूर करणाऱ्या तिथल्या एफडीएनेच कंपनीला सांगितलं की २४० शी तुलना करून दाखवा, एवढा लागतो का खरंच? केमोच्या काळातला जितका जास्त तितका बरा हा नियम नव्या औषधांना लागू पडतोच असं नाही.

पायरी पहिली, फाइल

ट्रायल शोधायच्या आधी हे करा कारण ट्रायलमधली जागा, तिला स्लॉट म्हणतात, कधीकधी दोन-तीन दिवसांसाठीच उघडी असते आणि तेव्हा तुम्ही बायोप्सीचा रिपोर्ट कपाटात शोधत बसलात की ती गेली.

फाइलीत तारखेप्रमाणे सगळ्यात नवीन वर. बायोप्सीचा रिपोर्ट. इम्युनोहिस्टो आणि जीन टेस्टचे रिपोर्ट, म्हणजे ईजीएफआर, एएलके, हर टू, एमएसआय, एनजीएस, म्हणजे एकदम खूप जनुकं तपासणारी टेस्ट, केलं असेल तर ते पूर्ण पुस्तक, फक्त पहिलं पान नको. आजपर्यंत कुठली औषधं, कधी सुरू, कधी बंद, का बंद, याचा एक कागद स्वतःच्या हाताने लिहून, "केमो घेतली" एवढ्यावर कोणाचं भागत नाही. स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी दोन्ही, कारण ट्रायलचे रेडिओलॉजिस्ट परत मोजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या एका छोट्या चौकोनात बसवून लॅबमध्ये ठेवलेला असतो तो ब्लॉक, बहुतेक ट्रायल्सना तो किंवा त्याच्या स्लाइड्स लागतात. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बायोप्सी झाली असेल तर तिथल्या पॅथॉलॉजीत अर्ज द्या, प्रायव्हेट लॅबला झाली असेल तर त्यांच्याकडे. हे काम एका दिवसात होत नाही. आमच्याकडे साखळीचा एक माणूस आला होता, सगळं जुळलं, फक्त ब्लॉक कुठे आहे ते घरी कोणालाच माहीत नाही, लॅब बदललेली, मुलगा तीन दिवस स्कूटरवरनं फिरला आणि चौथ्या दिवशी ब्लॉक मिळाला, स्लॉट दुसऱ्या दिवशीच भरला होता. तेव्हापासनं मी सगळ्यांना आधी ब्लॉकच विचारते, तब्येत नंतर.

शोधायचं कुठे

सुरवात आपल्याच ऑन्कॉलॉजिस्टकडनं करा, त्यांना बाजूला ठेवून नको. त्यांचं एक पत्र असलं की पुढे दारं पटापट उघडतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि त्यांचंच खारघरला ॲक्ट्रेक, लवकरच्या टप्प्यातल्या ट्रायल्ससाठी आपल्याकडनं बहुतेक लोक तिथेच विचारतात.

स्वतः बघायचं असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारताची ट्रायल रजिस्ट्री, २००७ पासनं आहे आणि जून २००९ पासनं प्रत्येक ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. कॅन्सरचं इंग्रजी नाव टाकून शोधा, फेजच्या रकान्यात वन किंवा वन-टू बघा, मग रिक्रुटमेंट स्टेटसचे दोन रकाने असतात, एक जगाचा एक भारताचा, तुम्ही भारताचा बघायचा, तिथे ओपन टू रिक्रुटमेंट असेल तर खाली साइट्सची यादी आणि डॉक्टरांचे फोन असतात. ओपन लिहिलंय म्हणून थेट गाडीत बसू नका, ते पान वेळेवर अपडेट होतंच असं नाही, आधी फोन करा आणि सीआरसीशी बोला, डॉक्टर फोनवर सापडत नाहीत, आम्ही सापडतो.

यादी बघून उत्साहात येण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे कॅन्सर पेशंटवर चाललेल्या बऱ्याच "ट्रायल्स" नवीन औषधाच्या नसतातच. जुन्याच औषधाची दुसऱ्या कंपनीने केलेली कॉपी रक्तात तितकीच उतरते का ते बघायचं असतं, त्याला बीए-बीई स्टडी म्हणतात. वाईट काही नाही त्यात, पण तुम्हाला ते औषध आधीच देऊन निरुपयोगी ठरलेलं असेल तर तिथे जाऊन काय करणार? आणि परदेशात शोधलेल्या औषधाची अगदी पहिली, माणसाला पहिल्यांदाच देण्याची ट्रायल भारतात सहसा सुरू होत नाही, आधी बाहेरचा फेज वनचा डेटा द्यावा लागतो, मग इथे ती फेज परत करायला किंवा पुढची करायला परवानगी मिळते. इथेच शोधलेल्या औषधांची पहिली ट्रायल मात्र इथेच होते. म्हणून इथे फेज वन कमी दिसतात, तुम्ही शोधण्यात चूक करताय असं नाही.

आणि कोणी ट्रायलमध्ये घालतो म्हणून पैसे मागितले, कितीही गोड बोलून, की फोन ठेवा. ट्रायलचं औषध विकत नसतं.

स्क्रीनिंग, म्हणजे परीक्षा

फोनवर जुळलं की बोलावतात. स्क्रीनिंगला रक्त, लघवी, ईसीजी, इको, स्कॅन, कधी नवीन बायोप्सी, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची टेस्ट. हिमोग्लोबिन बहुधा नऊच्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या वर, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन मर्यादेत असं काहीबाही असतं. आधीच्या औषधाला दोन ते चार आठवडे झालेले लागतात, त्याला वॉशआउट म्हणतात, या मधल्या दिवसांत घरच्यांची घालमेल होते कारण कॅन्सर आहे आणि औषध काहीच नाही. होते, खरंच होते. यात डॉक्टरला विचारून निर्णय घ्या, स्वतःच मधे कुठली पुडी चालू करू नका.

ईकॉग नावाचा एक आकडा ऐकाल. शून्य म्हणजे पहिल्यासारखा हिंडताफिरता, एक म्हणजे हलकं काम होतं, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण काम नाही, तीन म्हणजे जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर. फेज वनला बहुतेक शून्य किंवा एकच घेतात. आमच्याकडे पेशंट रात्रभर कोकणकन्येत बसून यायचा, पहाटे पनवेलला उतरायचा, हार्बर लाइनने खारघर, तिथनं रिक्षा, आणि नऊ वाजता डॉक्टर बघणार तेव्हा तो दोनसारखा दिसायचा. एक दिवस आधी या, आंघोळ करा, पोटभर जेवा, झोपा. हे काही खोटं सोंग नाही, थकवा प्रवासाचा आहे की आजाराचा ते डॉक्टरला कळायला पाहिजे.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के, हॉस्पिटलकडनं ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते पहिल्याच खेपेला मागून घ्या. पावसात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं आणि गाड्या हळू चालतात, ट्रायलच्या तारखा मात्र हलत नाहीत, एक-दोन दिवस इकडेतिकडे एवढीच सूट.

स्क्रीनिंगला फेल झालात तर त्याला स्क्रीन फेल्युअर म्हणतात, आणि हा शब्द पेशंटसमोर मोठ्याने बोलू नये असं माझं मत आहे. माणूस नापास होत नाही, रिपोर्ट जुळत नाही एवढंच. कुठल्या कारणाने ते लिहून मागा, तेच कारण दुसऱ्या ट्रायलमध्ये आडवं येत नसेल.

कन्सेंट, इथे घाई नको

कन्सेंट खरं म्हणजे स्क्रीनिंगच्या आधी घ्यायचा असतो, मी इथे मागनं लिहितेय कारण यावर बोलायचं खूप आहे.

वीस-पंचवीस पानांचा कागद असतो. तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला पाहिजे, मराठी मागा, हक्क आहे तुमचा. वाचता येत नसेल तर ज्याचा ट्रायलशी संबंध नाही असा साक्षीदार समोर बसवून वाचून दाखवावा लागतो. काही पेशंटच्या बाबतीत, नवीन रेणूची ट्रायल आणि पेशंट असुरक्षित गटातला असेल तर, कन्सेंटचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही होतं, कॅमेरा बघून बिचकू नका, ते तुमच्याच बाजूचं आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळायलाच पाहिजे.

घरी घेऊन जा म्हणावं. एका ठिकाणी, नाव नको, मी बघितलंय की कॉरिडॉरमध्ये बाकावर बसवून दहा मिनिटांत इंग्रजी कागदावर सही, आणि म्हातारा माणूस म्हणतोय "देवाक काळजी" आणि पेन घेतोय. देवाला काळजी असेल हो, पण कागद आपण वाचायचा.

वाचताना कुठे थांबायचं ते सांगते. एका पानावर तुमचं शिक्षण, धंदा, वर्षाचं उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव लिहायचा रकाना येतो. इथे घरात शांतता पसरते. डिचोलीची एक काकी होती, नवऱ्याच्या बाजूला बसलेली, नॉमिनी शब्द वाचल्यावर तिने कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली हे एलआयसीचं आहे का? नाही काकी, कायद्याने प्रत्येक ट्रायलच्या फॉर्मवर हा रकाना असतो, ट्रायलमुळे काही झालं तर भरपाई कोणाला द्यायची ते ठरावं म्हणून. मग तिने स्वतःचं नाव सावकाश लिहिलं, आणि काकांनी शेजारी नातं लिहिलं, पत्नी, आणि दोघं हसली कशाला कोण जाणे.

भरपाईचं थोडक्यात, २०१९ च्या नियमांप्रमाणे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, जितके दिवस लागतील तितके, किंवा इजा ट्रायलमुळे नाही असं ठरेपर्यंत. मृत्यू झाला आणि तो ट्रायलमुळे ठरला तर पैशाचा एक फॉर्म्युला आहे, आठ लाख हा पाया, त्याला वय आणि आधीच्या आजाराच्या धोक्याचे आकडे लावतात, आणि ज्याचं आयुष्य सहा महिन्यांच्या आत धरलंय त्याच्यासाठी धोक्याचा आकडा अर्धा आहे, म्हणजे रक्कम कमी होते. नुसता कॅन्सर वाढला म्हणून भरपाई मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पैशाचं तोंडी काही ऐकू नका. ट्रायलचं औषध फुकट असतं, पण स्कॅन कोण देणार, बायोप्सी कोण देणार, ॲडमिट राहिलं तर खाटेचं कोण, मडगावहून येण्याजाण्याचं आणि सोबत्याचं कोण, हे त्या कागदात लिहिलेलं असलं पाहिजे. आपली गोव्याची दीनदयाळ आरोग्य योजना किंवा मेडिक्लेम यात कुठे बसते ते सही करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

कागदाच्या शेवटी एथिक्स कमिटीचा फोन असतो. कमिटीत कमीत कमी सात माणसं लागतात आणि त्यात डॉक्टर नसलेला साधा माणूसही असतो. डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर तो नंबर त्यासाठीच आहे, सजावटीला नाही. आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं, त्याने तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

पहिला दिवस

याला सी वन डी वन म्हणतात, पहिल्या सायकलचा पहिला दिवस, आणि हा दिवस लांब असतो, डबा आणि स्वेटर दोन्ही आणा कारण एसी बंद करत नाहीत.

सकाळी हाताला सुई टोचून ठेवतात म्हणजे परत परत टोचायला नको. औषधाच्या आधी रक्त. मग औषध. आणि मग घड्याळ. औषध आठ वाजून दोन मिनिटांनी दिलं तर पुढचं रक्त आठ बत्तीसला, मग नऊ दोनला, दहा दोनला, बारा दोनला, चार दोनला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आठ दोनला. औषध रक्तात किती चढतं आणि किती वेळात उतरतं ते बघायचं असतं, म्हणून मी कागद हातात धरून मिनिटं मोजत उभी आणि पेशंट म्हणतोय बाय, बाथरूमला जाऊन येतो. जा पण पाच मिनिटांत ये. नळी भरली की ती घेऊन मी धावत खाली, मशीनमध्ये फिरवायची, वरचं पिवळं पाणी वेगळ्या नळ्यांत घालायचं, उणे सत्तरच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं, परत वर. पेडण्याचे एक मास्तर होते, त्यांच्या घरनं डब्यात पेज आणि लोणचं यायचं, उपाशीपोटी गोळी घ्यायची म्हणून ते डबा मांडीवर धरून घड्याळ बघत बसायचे आणि दोन तास झाले की माझ्याआधी तेच म्हणायचे, झालं गे, आता जेवू?

घरी आल्यावर, आणि खाणंपिणं

गोळ्या घरी दिल्या तर डायरी मिळते, रोजची वेळ लिहायची. चुकली तर चुकली लिहा, रात्री बसून सगळा महिना एका पेनाने भरलेला आम्हाला लगेच कळतो. रिकामी बाटली आणि उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, टाकायच्या नाहीत, एक एक गोळी मोजून हिशोब द्यावा लागतो, आमच्या एका काकींनी बाटली स्वच्छ धुऊन त्यात जिरं भरलं होतं, ते जिरं ओतून बाटली आणायला मुलाला परत गावाला पाठवलं. औषध फ्रीजमधलं असेल तर पावसात सत्तरीसारख्या ठिकाणी लाइट किती वेळ जातो ते आधीच सांगा, काहीतरी सोय करता येते.

खाण्यात एक गोष्ट खास आपल्यासाठी. कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका लिहिलेलं असतं आणि सगळे म्हणतात ते आपण कुठे खातो. पण चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतो त्या फळांच्या माटोळीला बांधतो ते तोरिंग, म्हणजे पपनस, त्याच घराण्यातलं. या फळांमुळे आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम थंडावतं आणि रक्तात औषध जास्त चढतं, पाच गोळ्यांचं काम आठ गोळ्यांसारखं होऊ शकतं. माटोळीला बांधा, उतरवल्यावर शेजाऱ्यांना द्या. तसंच काढे. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला छापल्यात. तुमचं लिव्हर बिघडलं आणि तुम्ही काढा घेतल्याचं लपवलंत, तर तो दोष ट्रायलच्या औषधावर जातो आणि तुमचं औषध बंद होतं.

लपवण्याचं निघालंच आहे तर सांगते, सगळ्यात जास्त लपवतात ते जुलाब. पाच वेळा जाऊन आलेला माणूस विचारल्यावर म्हणतो एक-दोनदा, कारण त्याला वाटतं खरं सांगितलं तर ट्रायलमधनं काढतील. उलट आहे हो. वेळेवर कळलं तर औषध काही दिवस थांबवून किंवा डोस कमी करून परत चालू करता येतं. नाही कळलं तर अंगातलं पाणी कमी होऊन माणूस आयसीयूत जातो आणि तेव्हा मात्र कायमचं बंद. शिवाय तुम्ही बरं वाटतंय म्हणालात की वरच्या पायरीवर पुढचे तीन पेशंट चढतात.

ट्रायलचं एक कार्ड देतात, चोवीस तासांच्या नंबरचं, ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये. ताप १००.४ च्या वर गेला, धाप लागली, तर आधी जवळच्या कॅज्युअल्टीला जा, बांबोळी जवळ असेल तर बांबोळी, आणि तिथल्या डॉक्टरला कार्ड दाखवून ट्रायलच्या डॉक्टरशी फोनवर बोलायला लावा, कारण ज्या औषधाला अजून नाव नाही, नुसता नंबर आहे, ते त्यांनी कुठे वाचलेलं असणार? आणि कुठल्याही कारणाने ॲडमिट झालात तर कळवा, अगदी शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरनं घसरून पाय मोडला तरी. ॲडमिट म्हणजे नियमाप्रमाणे एसएई, गंभीर घटना, डॉक्टरला ती चोवीस तासांत वर कळवावी लागते.

स्कॅन

साधारण सहा किंवा आठ आठवड्यांनी. जास्तीत जास्त पाच गाठी निवडून त्यांची मापं मिळवतात. बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर पार्शल रिस्पॉन्स, सगळ्यात कमी होती त्यापेक्षा २० टक्क्यांनी आणि कमीत कमी ५ मिलिमीटरने वाढली किंवा नवीन गाठ दिसली तर प्रोग्रेशन, मधलं सगळं स्टेबल. स्टेबल ऐकून रडणारे पण बघितले आणि पेढे वाटणारे पण. पसरलेल्या कॅन्सरमध्ये स्टेबल ही वाईट बातमी नाही.

प्रोग्रेशन आलं की बहुतेक वेळा ट्रायल थांबते. हे कधीतरी होणार हे पहिल्या दिवसापासनं माहीत असतं तरी त्या दिवशी घरचे विचारतातच, अजून एक सायकल देऊन बघा ना. काही इम्युनोथेरपीच्या ट्रायल्समध्ये तशी सोय असते, एक स्कॅन परत करून खात्री करायची, ते प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या नियमावलीत, लिहिलेलं असेल तरच. उलट औषध लागू पडलं आणि ट्रायलच संपली तर पुढे ते फुकट मिळण्याची तरतूद नियमांत आहे, दुसरा उपाय नसेल, डॉक्टरने शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं तर. हे पण सही करतानाच विचारून ठेवा.

एक अजून. दुखणं कमी करणारे उपचार, मॉर्फिन, पॅलिएटिव्हचे डॉक्टर हे ट्रायल चालू असतानाही चालतात, आणि घेतलेच पाहिजेत. कोणी म्हणालं एकतर हे नाहीतर ते, तर त्याला प्रोटोकॉलमधलं पान दाखवायला सांगा.

बाहेर पडताना

शेवटच्या डोसनंतर साधारण तीस दिवसांनी एक सेफ्टी व्हिजिट असते, तिला लोक जात नाहीत, जा. त्या दिवशी तीन गोष्टी घेऊन या: ट्रायलचा डिस्चार्ज समरी ज्यात औषधाचा नंबर, डोस आणि शेवटची तारीख लिहिलेली आहे, सगळ्या स्कॅनच्या सीड्या, आणि ब्लॉक. ब्लॉक परत मागायला लोक विसरतात, पाच महिन्यांनी दुसरी ट्रायल निघते आणि मग मला फोन येतो.